फुलंब्रीचे साडेपाच, एडिसनचे आठ

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की हर्सूल, सावंगी मागे पडतात आणि मग चौक्याचा घाट येतो. घाट म्हणजे काही फार मोठा नव्हे, पण तो चढून गेलं की हवा पालटते. शहराचा धूर मागे राहतो, दोन्ही बाजूंना शेतं लागतात आणि थोड्याच वेळात फुलंब्री येते. अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेल्या प्रवाशांना फुलंब्री म्हणजे फार तर चहाचा थांबा. गाडी थांबते, चहा होतो, गाडी पुढे आळंद, सिल्लोडकडे निघून जाते. गावात शिरतो कोण? गिरिजा नदी इथून वाहते, नदीवर धरण आहे, पाऊस बरा झाला तर मका, कापूस आणि अद्रक जोरात येते, आणि पाऊस रुसला तर त्याच गिरिजेकडे बघवत नाही. ही सगळी फुलंब्री रस्त्यावरून दिसत नाही.

मला ती दिसते, कारण ह्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, तिथे दिलेल्या आहेत. वर्षातून दोनतीन वेळा तरी जाणं होतंच. आक्कांचा वाडा जुना, मधे चौक, चौकात तुळस. थोरला मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो, धाकटा घरची शेती बघतो. घरात दाजी आहेत, धाकटी सून, तिची दोन मुलं आणि नव्वदीच्या घरातल्या आक्कांच्या सासूबाई. ह्या आजींना घड्याळ लागत नाही. सावली कुठल्या फरशीवर आली हे पाहून त्या सुनेला सांगतात, “चहा टाक गं, आता येईल तो शेतातून.” आणि तो येतो!

मैत्रिणींनो, आजींची सावली आणि भिंतीवरचं घड्याळ यांचं जमत मात्र नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या साऱ्या देशाची वेळ ठरते ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जाणाऱ्या रेषेवरून. फुलंब्री त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला आहे, सुमारे सात अंश. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे मिर्झापूरला डोक्यावर आलेला सूर्य फुलंब्रीला डोक्यावर यायला सुमारे अठ्ठावीस मिनिटं जास्त लागतात. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आजींच्या चौकातली दुपार अजून व्हायची असते. ऋतूप्रमाणे ह्यात दहापंधरा मिनिटांचा फरक मागेपुढे पडतो, तो वेगळाच.

ही एक वेळ देशावर आली ती १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. मुंबईची वेळ ह्या नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती, आणि मुंबईकरांनी ती सहजासहजी सोडली नाही. गिरण्यांतल्या कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि पुढे कित्येक वर्षं मुंबईत दोन वेळा नांदत राहिल्या. सूर्य तोच असताना साहेबाने घड्याळ पुढे ढकललं म्हणून आम्ही एकोणचाळीस मिनिटं आधी कामावर का यायचं, हा प्रश्न काही चूक नव्हता! फुलंब्री तर तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या जुन्या कागदांवर सनसुद्धा फसली. आक्कांच्या घरच्या जमिनीच्या कागदावर १३५७ फसली असं लिहिलेलं आहे, ते म्हणजे १९४७-४८. गोऱ्या साहेबाची वेळ, निजामाचा सन आणि आजींची सावली, असा सगळा संसार.

मग दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गंमत झाली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. दिवसाउजेडी कामं उरकावीत, दिवाबत्ती वाचावी, असा तो हिशोब. आपल्याकडे तो युद्धाबरोबर संपला. इंग्लंड-अमेरिकेत मात्र तो दरवर्षीचा झाला आहे. पहिल्या महायुद्धात १९१६ साली जर्मनीने उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे केली आणि बाकीच्यांनी तो धडा गिरवला. अमेरिकेत आता मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात.

आपल्याला हे ऐकून हसू येतं. पण मला विचाराल तर आपणही हेच करतो, फक्त घड्याळाला हात न लावता. उन्हं तापू लागली की मराठवाड्यात सकाळच्या शाळा सुरू होतात की नाही? घड्याळ तेच ठेवून शाळाच अलीकडे ओढायची. मला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते. डबा लवकर करावा लागतो एवढंच, आणि त्याची तक्रार कोणी ऐकत नाही.

आता हे सगळं मी का सांगते आहे? कारण २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेतला हा घड्याळाचा खेळ थेट आक्कांच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

आक्कांची धाकटी सून शिकलेली, डी.एड. झालेली. नोकरी मिळाली नाही. थोरल्या दिराने तिकडून आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि ओळखीच्या मराठी घरांतली आठ मुलं मिळवून दिली. त्यांना ती दर आठवड्याला पडद्यावरून मराठी शिकवते. उत्तर अमेरिकेत मराठी शाळा पुष्कळ आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळ तिकडे १९८१ सालापासून आहे आणि अनेक गावांतली मंडळं शनिवार-रविवारी मुलांच्या शाळा चालवतात. पण सगळ्यांनाच तिथवर जाणं जमत नाही, अशांसाठी हा घरगुती वर्ग. तिकडे शनिवारी रात्री आठ वाजता जेवणं आटोपून मुलं बसायची, तेव्हा फुलंब्रीत रविवारी सकाळी साडेसहा वाजलेले असत. साडेदहा तासांचा फरक. गेल्या दिवाळीनंतर सुरू झालेला वर्ग चार महिने बिनचूक चालला होता.

ह्या वर्गाचे पैसे थोडे असले तरी घरात त्यांना मोल आहे. अद्रकीचा भाव आज चढा तर उद्या पडलेला. किराण्याची वही आणि मुलांची फी सुनेच्या वर्गावर चालते, हे आक्का स्वतः सांगतात. सुरुवातीला दाजींना सुनेने पहाटे खोलीचं दार लावून यंत्राशी बोलणं पसंत नव्हतं. वर्गाने ते हळूहळू पसंत करून घेतलं होतं.

आणि १६ मार्चच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे साडेसहाला बसली, तर पडद्यावर कोणीच नाही. मुलं तासाभरापूर्वीच येऊन, वाट पाहून निघून गेली होती. फोनवर निरोपांची रांग. एका आईने तर लिहिलं, की असं होणार असेल तर आम्ही दुसरीकडे बघू. सून रडकुंडीला आली. दाजींनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, हातातलं पाहिलं, मोबाइल पाहिला. सगळे साडेसहाच दाखवत होते. “घड्याळ तर आपलं बरोबर हाय!” ते म्हणाले, आणि खरंच बरोबर होतं. फुलंब्रीतल्या कुठल्याच घड्याळाने तिला हे सांगितलं नसतं. तिकडे ९ मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली होती, साडेदहा तासांचा फरक साडेनऊ झाला होता, आणि तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आता आपल्या पहाटेचे साडेपाच होते.

पण त्यात आणखी एक पाचर होती, ती म्हणजे तो लॅपटॉप. ९ तारखेला त्याचं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलेलं तिला दिसलं होतं. यंत्र बिघडलं असं समजून तिने मोबाइलशी ताडून ते मागे आणून ठेवलं. पुढे वर्ग हुकल्यावर लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पाठवला. दुकानदाराने वेळ आपोआप जुळवण्याचं बटण चालू केलं, तर सकाळचे अकरा वाजलेले असताना लॅपटॉप दाखवतो पहाटेचे दीड! त्याने बटण बंद केलं, हाताने अकरा लावून दिले आणि आतला मोठा भाग गेला आहे, नवाच घ्या, असं सांगितलं. किंमत ऐकून धाकटा गप्प झाला.

आम्ही गेलो ते नंतरच्या शनिवारी, २२ तारखेला. रात्री स्वयंपाकघरात सून भाकऱ्या थापत होती, मी वांग्याचं भरीत बघत होते. कपाटावर ठेवलेल्या लॅपटॉपमधून एकाएकी टिंगटिंग झालं. घड्याळात बरोबर आठ.

“हे काय वाजलं गं?”

“ते दर शनिवारी वाजतं मामी. कशाचं ते कळत नाही. मी बंद करून टाकते.”

पीठाचे हात धुऊन तिने मला पडदा दाखवला. यंत्रातल्या दिनदर्शिकेत वर्गाची नोंद होती, ती दिराने तिकडून पाठवलेली. वेळ लिहिली होती शनिवार, रात्री आठ. म्हणजे हे बिचारं यंत्र स्वतःला अजून न्यू जर्सीतच समजत होतं! घंटा वर्गाचीच होती, पण एडिसनच्या आठची ती फुलंब्रीच्या आठला वाजवत होतं.

इथे ह्या यंत्रांची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, मग पुढचं अगदी सोपं आहे. संगणकाच्या पोटात जी वेळ चालते ती कुठल्याच गावची नसते. सगळ्या जगासाठी धरलेली एकच वेळ असते, आपण शाळेत ग्रिनिचची वेळ म्हणून शिकलो तीच म्हणा ना. तुम्ही कुठल्या भागात राहता हे यंत्राला सांगायचं, म्हणजे ते त्या वेळेत तितके तास मिळवून किंवा वजा करून पडद्यावर दाखवतं. आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. आणि त्या भागात उन्हाळ्याचं घड्याळ पाळत असतील तर तो नियमही यंत्राला पाठ असतो. आक्कांच्या घरी काय झालं होतं, तर भाग अमेरिकेचा तसाच राहिला होता आणि वरवरचे आकडे तेवढे हाताने फिरवून भारताचे केले होते. अमेरिकेचा उन्हाळा लागला तसं यंत्राने इमानाने आपला तास पुढे केला. त्याची काही चूक नव्हती. दुकानात आपोआप जुळवल्यावर दीड वाजलेले दिसले तेही खरेच होते, न्यू जर्सीत तेव्हा पहाटेचे दीडच वाजले होते.

मजा अशी, की ९ तारखेला तासभर पुढे गेलेलं ते खोटं घड्याळ तिने तसंच ठेवून त्याच्याच साडेसहाला वर्ग घेतला असता, तर १६ तारखेला ती मुलांना वेळेवर भेटली असती!

मी एवढंच विचारलं, “मिनिटं कधी चुकतात का गं?” ती म्हणाली, “नाही, मिनिटं बरोबर असतात.” मग आतला भाग जाण्याचा प्रश्नच नव्हता. तुमच्याकडे असा घोटाळा झाला तर हे पहिलं पाहा. मिनिटं बरोबर आणि तास तेवढा चुकलेला असेल, तर राहण्याचा भाग, ज्याला टाइम झोन म्हणतात, तो चुकलेला असतो. यंत्र बंद करून उघडलं की दरवेळी तारीख कित्येक वर्षं मागे जात असेल, तर आतला बटणासारखा गोल सेल संपलेला असतो. पुष्कळ यंत्रांत तो सी आर २०३२ ह्या नावाने मिळतो, आणि तो बदलून घ्यायला फार पैसे पडत नाहीत. दुकानदाराने मोठा आकडा सांगण्याआधी एवढं विचारावं.

आम्ही त्या रात्री जेवणं बाजूला ठेवून ते काम केलं. खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर उजवं बटण दाबलं की तारीख-वेळ बदलण्याचं पान उघडतं. तिथे आधी टाइम झोनची यादी उघडायची आणि चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी एकत्र चार नावं असलेली ओळ निवडायची. ही ओळ निवडताच रात्रीचे सव्वाआठ वाजलेले असताना पडद्यावर एकदम पहाटेचे पावणेसहा झाले. सून घाबरली. पण हे व्हायचंच होतं, कारण पोटातली वेळ इतके महिने चुकीची भरलेली होती. मग मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून वेळ आपोआप जुळवण्याचं बटण चालू केलं आणि खालचं सिंक नाऊ दाबलं. क्षणभर गोल फिरलं आणि सव्वाआठ होऊन दोन मिनिटं झालेली दिसली. मोबाइल, भिंत, लॅपटॉप सगळे एका ओळीत! उन्हाळी घड्याळाचं बटण तर आपोआप फिकट पडलं, आपल्या भागात ते लागतच नाही ना.

क्रम मात्र सोडू नये. आधी झोन, मग जुळवणी. उलट केलं की दुकानदारासारखी गत होते. आणि तारीखच फार मागेपुढे गेलेली असेल तर यंत्र आपणहून जुळवून घ्यायला कचरतं, तेव्हा आधी हाताने जवळपासची तारीख-वेळ लावून द्यावी, मग बटण दाबावं.

हे जुळवणं होतं कसं, तेही सुनेच्या मुलीने विचारलं. यंत्र दूरच्या एका पक्क्या घड्याळाला विचारतं, “किती वाजले?” उत्तर येईपर्यंत थोडा वेळ जातो. तो जाण्यायेण्याचा वेळ मोजून त्याचा निम्मा उत्तरात मिळवतात. ती पक्की घड्याळं पुन्हा अणूंच्या हालचालीवर चालणाऱ्या घड्याळांशी जुळवलेली असतात. आपल्या देशाची वेळ अशी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळतात. आजी हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “मग त्या घड्याळाला कोण विचारतं?” ह्याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि भरीत गार होत होतं.

दिनदर्शिकेत आता वर्गाची नोंद आपोआप बदलून रविवार, पहाटे साडेपाच अशी आली होती. नोंद एडिसनच्या वेळेने केलेली होती, म्हणून तिकडचं घड्याळ सरकेल तशी ती इकडे सरकेल. मी सुनेला म्हटलं, ही नोंद कधी आपल्या वेळेने करून ठेवू नकोस, ज्या गावची वेळ पाळायची त्या गावच्याच वेळेने ठेव. तिने त्याच रात्री सगळ्या पालकांना लिहून पाठवलं की वर्ग उद्या तुमच्या आठलाच होईल. दुसरीकडे बघू म्हणणाऱ्या आईचं उत्तर काही आलं नाही.

पहाटे पाचला मीही उठले. मार्चच्या त्या दिवसांत फुलंब्रीत सूर्य उगवायला साडेसहा होतात, त्यामुळे बाहेर मिट्ट काळोख होता. धाकटा मोटार चालू करायला शेतात निघून गेला होता. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची होती. शेतकऱ्याच्या घरी घड्याळ चालतं ते लाइटच्या पाळीवर. दाजी चौकात शेकोटीशी बसल्यासारखे नुसतेच बसून होते, कान खोलीकडे.

साडेपाचला एक चौकट उघडली, मग दुसरी, तिसरी. सात झाल्या. दुसरीकडे बघणाऱ्या घरचा मुलगा नव्हता. सुनेने धडा सुरू केला. त्या दिवशी नेमकं घड्याळच शिकवायचं होतं. सव्वा, साडे, पावणे! तिकडे वाढलेल्या मुलांना साडेतीन जमतं, साडेचार जमतं, मग साडेएक का नाही आणि साडेदोन का नाही, दीड आणि अडीच कुठून आले, हे काही केल्या पटत नाही. एक मुलगी पुन्हा पुन्हा साडेएकच म्हणत होती. पावणे म्हणजे पाव कमी हे सांगायला सुनेने भाकरीचे चार तुकडे करून एक उचलून बाजूला ठेवला, तेव्हा सगळ्यांना कळलं. मी वर्गात इतकी वर्षं खडूने वर्तुळं काढते, मला हे सुचलं नव्हतं.

पावणेसहाच्या सुमाराला शेजारचा कोंबडा आरवला. पडद्यावर एकच गलका, “ताई, तो पुन्हा ओरडू दे!” त्यांच्याकडे रात्र, झोपायचे कपडे घातलेले, आणि कानावर फुलंब्रीची पहाट. तेवढ्यात आठवी चौकट उघडली. उशीर झाला होता, पण मुलगा आला होता. सुनेने नाव घेऊन “ये रे” म्हटलं आणि पुढे शिकवू लागली. चौकात दाजी उठून चूळ भरायला गेले.

फिनिक्सला राहणाऱ्या एका मुलीच्या आईची मात्र वेगळीच अडचण निघाली. फिनिक्स ॲरिझोना राज्यात आहे, आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग हा घड्याळाचा खेळ खेळतच नाही. तिथला उन्हाळा असा कडक, की उजेड आणखी कशाला ताणायचा? त्यामुळे थंडीत त्यांच्या संध्याकाळी सहाला असणारा वर्ग आता पाचला येतो, आणि मुलगी पाचला पोहायला जाते. बाकी सगळ्यांसाठी घड्याळ पाळायचं की एकीसाठी, ह्यावर बरीच लिहालिही झाली. शेवटी मुलीने पोहण्याचा दिवस बदलला.

सुनेने आता स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवला आहे. मार्चचा दुसरा रविवार, त्या सकाळी वर्ग साडेसहालाच, कारण तिकडे अजून शनिवारची रात्र असते. साडेपाच होतात ते पुढच्या रविवारपासून. नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्या सकाळी साडेपाचच, पुढच्या रविवारपासून पुन्हा साडेसहा. शेजारीच संकष्टीचे चंद्रोदय आणि दुधाचा हिशोब.

मध्यंतरी लंडनच्या एका बाईंनी वर्गाची चौकशी केली. त्यांना रविवारी सकाळी दहा हवे आहेत, म्हणजे थंडीत आपल्या दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच. आणि इंग्लंडचं घड्याळ सरकतं ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेबरोबर नाही. लंडनमध्ये ते मध्यरात्रीनंतर सरकतं, म्हणजे सकाळी दहाला तोच रविवार नव्या वेळेचा. सुनेने फोनवर मला हे वाचून दाखवलं आणि म्हणाली, “मामी, ह्याचा कागद वेगळ्या रंगाचा करते.”